तीन गाठी कमी

आमच्या शाळेत मुलींसाठी संडास नव्हता. आज हे वाक्य मी बिनदिक्कत लिहितो आहे. एकोणीसशे एकोणऐंशी साली एका पत्रात हेच वाक्य लिहायची वेळ आली, तेव्हा ते माझ्या हातून उतरलं नाही. त्याचा परिणाम सव्वाशे किलोमीटरवर जाऊन दिसला.

शाळा नागपूरची, सक्करदऱ्याच्या तलावापलीकडे, विणकरांच्या वस्तीला लागून. सहा खोल्या, वर कवेलूंचं कौलारू छप्पर. मुलांसाठी सोय होती, म्हणजे मागची भिंत होती. मुली सकाळी घरून पाणी न पिता यायच्या आणि सातवी झाली की यायच्याच बंद व्हायच्या. आठवीचा वर्ग मंजूर होऊन तीन वर्षं झाली होती. त्यात एकतीस मुलगे होते. मुलींच्या हजेरीचं पान कोरं राहायचं, म्हणून त्यावर मी कमिटीच्या चहाचा हिशेब लिहायचो. मी कमिटीचा सेक्रेटरी होतो.

कमिटीत आणखी तिघं. मुख्याध्यापिका सिंधूताई. छप्पन्न साली वडिलांबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन घरी आल्या आणि दुसऱ्या दिवशी तिमाही परीक्षेला बसल्या, असं त्यांच्याबद्दल सांगत. त्यांचं बोलणं सरळ होतं, त्यामुळे कमिटीला अवघड जायचं. अध्यक्ष मारोतराव. त्यांचं सायकलचं दुकान होतं, पण त्यांना सायकलवर बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. सायकलींच्या दृष्टीनं ते बरंच होतं. आणि धोंडबा, पासष्टीचा विणकर. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून, पायानं पावड्या दाबत, चाळीस वर्षं हातमागावर लुगडी विणलेला माणूस. बैठकीत तो एकदाच बोलायचा, "झालं का?" एवढंच.

धोंडबाची नात जया त्या वर्षी सातवीत होती आणि वर्गात पहिली होती. तिच्या बापानं, बबनरावानं, सांगून टाकलं होतं, "आठवीत पाठवतो. पण शाळेत संडास पाहिजे. मोठ्या पोरीले दिवसभर कोंडून नाही बसवत मी." यात त्याचं काय चुकलं, हे आम्हाला सांगता आलं नाही. शाळा जूनमध्ये उघडणार होती. त्याआधी संडास झाला तर जया आठवीत, नाही तर घरी. यावर धोंडबा बैठकीत दुसऱ्यांदा बोलला. म्हणाला, "पोरगी रोज विचारून राहिली, आबा, झालं का?"

आनंदराव हे आमच्या शाळेचे जुने विद्यार्थी, चौथीपर्यंतचे. आता छिंदवाड्याला त्यांचे विटांचे भट्टे होते आणि सरकारी ठेके होते. त्या काळी सिमेंट परमिटवर मिळायचं, त्यामुळे ज्याच्या घरी सिमेंट त्याला लोक वाकून नमस्कार करत. आनंदरावांना पत्र लिहायचं ठरलं. सिंधूताई म्हणाल्या, "साफ लिहा. मुलींचा संडास."

मी लिहायला बसलो. वर 'श्रीमान' लिहिलं, 'सप्रेम नमस्कार' लिहिलं, 'आपणांसारख्या दानशूर सुपुत्रांमुळे' लिहिलं. एवढं भरजरी लिहिल्यावर खाली संडास कसा लिहायचा? मी लिहिलं, 'विद्यार्थिनींच्या सोयीसाठी एक खोली.' वाक्य मला आवडलं.

"संडास लिहिलं ना?" सिंधूताईंनी सही करताना विचारलं.

"त्याच अर्थाचं लिहिलं आहे," मी म्हणालो.

आठ दिवसांत उत्तर आलं. विटा, सिमेंट, गवंडी, सगळं आनंदराव देणार होते. पण एक अट होती. अठराव्या वर्षी कामाच्या शोधात ते नागपूरहून छिंदवाड्याला पायी गेले होते. कमिटीनंही तसंच यावं. जितके निघतील तितके पोचावेत आणि वाटेत कुणी वाहनात पाऊल टाकू नये. 'फुकट मागणारे फार येतात,' असं शेवटी लिहिलं होतं. ती ओळ मला जरा लागली.

मारोतराव मात्र खूश झाले. सेमिनरी हिलकडच्या एका शाळेची मुलं अनाथालयासाठी कामठीपर्यंत चालली होती आणि त्यांचा फोटो पेपरात आला होता. "आपली बी धर्मादाय पदयात्रा," ते म्हणाले. "फोटो समोरून काढू. बाजूनं पोट दिसते."

आता नागपूरच्या माणसाला चढ म्हणजे काय ते ठाऊक नसतं. शहरात सीताबर्डीची टेकडी आहे, पण तिला वळसा घालून जाता येतं, म्हणून सगळे वळसा घालतात. छिंदवाड्याच्या वाटेवर सिलेवानीचा घाट लागतो. सराव हवा म्हणून आम्ही तीन रविवार रेल्वेच्या पुलावर चढलो आणि उतरलो. चौथ्या रविवारी मारोतराव वरच बसून राहिले आणि म्हणाले, सराव पुरे.

सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन करून निघालो. पुढे मारोतराव, हातात कापडी फलक. त्यावर मीच लिहून दिलं होतं, 'शालेय सुविधा पदयात्रा'. सिंधूताईंनी फलकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. सावनेरला लोकांनी विचारलं, कोणता पक्ष? केळवदला एका म्हाताऱ्यानं बोअरिंग कधी लावता म्हणून धरलं. सौंसरला तर आम्हाला वेगळ्या विदर्भाचे समजून हार घातले. मारोतरावांनी ते ठेवून घेतले आणि चार वाक्यं बोललेसुद्धा. "कशासाठी चाललात?" असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, "शैक्षणिक कार्य." मागून सिंधूताई म्हणायच्या, "संडास." मग विचारणारा आमच्याबरोबर थोडा वेळ चालायचा आणि आपल्या बायकोला बोलावून आणायचा. बायका सिंधूताईंशी बोलायच्या, आमच्याशी नाही. केळवदच्या एका बाईनं त्यांना भाकरी बांधून दिली. आम्हाला काही दिलं नाही.

रामाकोना गावापर्यंत छोट्या लाईनची, नॅरोगेजची गाडी कधी डावीकडून दिसायची, कधी उजवीकडून. ती आमच्याहून फार वेगानं जात नव्हती. डब्यातली पोरं ओरडायची, "बसा ना गा काकाजी! काहून पायाले तरास देता?" मारोतराव गाडीकडे ज्या नजरेनं पाहायचे, तशी नजर मी त्यांच्या चेहऱ्यावर फक्त लग्नाच्या पंगतीत पाहिली होती.

धोंडबा खाली पाहून चालायचा. त्याच्या बंडीच्या खिशात पांढऱ्या सुताचं एक रीळ होतं. रस्त्यावर किलोमीटरचा दगड आला की तो थांबायचा, सुताला एक गाठ मारायचा आणि पुढे निघायचा. जयानं सांगितलं होतं, आबा, दर दगडाले गाठ मारा. घरी आल्यावर मी मोजीन. नागपूर ते छिंदवाडा सव्वाशे दगड, म्हणून सव्वाशे गाठी. कुणी बोलत असलं, पाणी पीत असलं, तरी धोंडबाचा दगड चुकायचा नाही.

पाचव्या दिवशी घाट लागला.

घाटाचं वर्णन मी करणार नाही, कारण मी तो पाहिलाच नाही. मी माझ्या चपलांचे अंगठे पाहत होतो. एवढं सांगतो, की रस्ता वळतो तेव्हा वाटतं झालं, आणि वळल्यावर तो आणखी वर जातो. मारोतरावांनी आधी बोलणं सोडलं. मग फलक माझ्याकडे दिला. मग गळ्यातले सौंसरचे हार काढून एका झुडपाला घातले.

तिसऱ्या वळणावर धोंडबा कठड्याला टेकला आणि म्हणाला, "अंमळ बसतो." बसला आणि तसाच कलंडला. चेहरा मेणासारखा झाला होता, हात गार पडले होते. सिंधूताईंनी तोंडावर पाणी मारलं, गूळ जिभेखाली ठेवला. तो हुं हुं करत होता. बेशुद्ध नव्हता आणि शुद्धीतही नव्हता. कमिटीच्या बैठकीत आम्ही ज्या अवस्थेत असतो, तशी ती अवस्था होती.

तेवढ्यात खालून बांबू भरलेली बैलगाडी आली. गाडीवान रामाजी म्हणून होता. त्यानं गाडी थांबवली आणि कुणी न सांगता बांबूंवर पोतं अंथरलं.

"पण अट..." मी म्हणालो.

"अट गेली खड्ड्यात," सिंधूताई म्हणाल्या. "तुम्ही पाय धरा."

धोंडबाला वर ठेवलं. गाडी पुढे, आम्ही मागे. थोडं गेल्यावर मारोतराव माझ्या कानाशी आले. "सेक्रेटरी, हे कोनाले सांगायचं नाही. त्याले बी नाही. तो त झोपून राहिला." मी सिंधूताईंकडे पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत. मी ती संमती धरली. अशा संमत्या धरायची मला सवय होती.

घाटमाथ्यावर चहाची टपरी होती. धोंडबाला उतरवून बाकावर बसवलं. दोन कप चहा आणि बशीभर भजी पोटात गेल्यावर त्याचा रंग परतला. वाऱ्यानं त्याला बरं वाटलं असावं. आम्ही एकमेकांकडे पाहून मान हलवली. मग त्याची नजर टपरीसमोरच्या दगडावर गेली. दगडावर होतं, छिंदवाडा ३८.

त्यानं खिशातून सूत काढलं. एका अंगठ्यावरून दुसऱ्या अंगठ्यावर गाठी सरकवत गेला. सरकवून झाल्या. पुन्हा सरकवल्या.

"चौऱ्याऐंशी," तो म्हणाला. "सत्त्याऐंशी पाहिजे. तीन गाठी कमी हायेत."

"मोजण्यात चुकला असशील गा," मारोतराव म्हणाले.

ज्या माणसानं आयुष्यभर काठाचे धागे मोजले त्याला असं म्हणायला नको होतं. धोंडबानं मारोतरावांकडे नुसतं पाहिलं. मारोतराव चहाच्या कपात बघू लागले.

"सेक्रेटरी, मी वर कसा आलो?"

"चालत," मी म्हणालो.

"कोन्या पायानं?"

रामाजी शेजारी बैलांना पाणी पाजत होता. तो मदत करायला म्हणून बोलला, "माह्या गाडीवर आले ना बुढाजी तुम्ही! मस्त झोपले होते. एक बांबू बी नाही हलवला."

मला वाटलं धोंडबा आता चिडेल. तो चिडला नाही. त्यानं चपलेचा अंगठा घट्ट केला, धोतर वर खोचलं आणि उठला.

"कोठी चालला?" मारोतराव ओरडले.

"खाली."

"खाली काय हाय?"

"तीन दगड हायेत."

इथे विणकराची एक रीत सांगायला हवी. विणताना आडवा धागा चुकला आणि दोन बोटं कापड पुढे गेल्यावर ते ध्यानात आलं, तर साधा माणूस म्हणेल, राहू द्या, कोण बघतं. गिऱ्हाइकाला दिसतही नाही. पण धोंडबाच्या घरात पुढचं विणलेलं सगळं उसवून चुकलेल्या जागेपर्यंत मागे जायचं आणि तिथून पुन्हा विणत यायचं. त्याच्या बापानं एकदा बायकोच्या बाळंतपणाच्या दिवशी हातभर लुगडं उसवलं होतं. हे धोंडबा अभिमानानं सांगत नसे. जेवणाआधी हात धुतात, तसं सांगे.

"धोंडबाजी," सिंधूताई म्हणाल्या, "गाडीत मी टाकलं तुम्हाले. दोष माझा आहे. आनंदरावांना मी सांगीन. पण पुन्हा चढताना काही झालं तर जयाले काय सांगू?"

"अन् मी तिले हे सूत कसं देऊ, बाई?" धोंडबा म्हणाला. "थे मोजते."

मारोतरावांनी तिथल्या तिथे कमिटीची तातडीची बैठक बोलावली. वही माझ्याकडे होतीच, तिच्यात नोंद आहे. विषय पहिला, श्री. धोंडबा यांनी खाली जाऊन परत चढावे काय. धोंडबा म्हणाला, "झालं का?" म्हणून तो विषय संपला. विषय दुसरा, उरलेल्या तिघांनी बरोबर जावे काय, कारण त्यांचा घाट पायी झालेला आहे. अध्यक्षांचं मत पडलं की कुणीतरी सामानाजवळ थांबणं गरजेचं आहे आणि ती जबाबदारी ते स्वतः घ्यायला तयार आहेत. विषय तिसरा, उतरताना वाहन वापरल्यास अट मोडते काय. एक एस.टी. खाली जायला उभीच होती. मारोतराव म्हणाले, उतरणं हे चालण्यात मोडत नाही. धोंडबा म्हणाला, "उसवताना धागा ओढून तोडत नाही. एक एक काढा लागते."

सिंधूताई उठल्या आणि चालू लागल्या. ठरावाला अनुमोदन मिळालं असं मी लिहिलं. मीही उठलो. मारोतराव सामानाजवळ बसले होते, पण टपरीवरची भजी संपली, तेव्हा तेही आले.

रामाजी मागून ओरडला, "बुढाजी! सरळ नका चढू. बैल सरळ चढते का? आडवं घ्या, आडवं!"

तिसऱ्या वळणावर जिथे धोंडबा कलंडला होता तिथे पोचलो. झुडपावर सौंसरचे हार तसेच होते, एक बकरी त्यातला झेंडू खात होती. धोंडबानं कठड्याला हात लावला, वर पाहिलं आणि उभा राहिला. मला वाटलं आता बसतो. तो रस्त्याची रुंदी पाहत होता.

"या काठाहून त्या काठाले," तो स्वतःशीच म्हणाला. "धोट्यासारखं."

आणि तो चालू लागला. डाव्या कडेहून तिरपा उजव्या कडेला, तिथून वळून तिरपा डाव्या कडेला. मागावरचा धोटा जसा लुगड्याच्या एका काठाहून दुसऱ्या काठाला जातो आणि कापड बोटभर वर सरकतं, तसा. वाट दुप्पट झाली, पण चढ निम्मा झाला. पाच फेऱ्या झाल्या की तो कडेला थांबायचा, दहा श्वास मोजायचा आणि परत सुरू. त्याच्या मागे सिंधूताई, त्यांच्या मागे मी. सगळे तिरपे.

रस्ता ट्रकचा होता. म्हणून अध्यक्षांना काम मिळालं. मारोतराव मधोमध, फलक आडवा धरून, वळणावर ट्रक आला की दोन्ही हात पसरून उभे राहत. त्यांच्या देहाचा सार्वजनिक उपयोग होताना मी प्रथमच पाहत होतो. एका ट्रकवाल्यानं डोकं बाहेर काढलं.

"ओ काका! पी के चल रहे क्या सब?"

"शालेय सुविधा!" मारोतराव गरजले.

"कौन सी शाला में ऐसा चलना सिखाते?"

"बच्चियों का संडास बनाना है!" सिंधूताई पलीकडच्या काठावरून म्हणाल्या.

ट्रकवाल्यानं डोकं आत घेतलं. मग त्यानं इंजिन बंद केलं, उतरला आणि आम्ही वळण ओलांडेपर्यंत मागच्या गाड्या थांबवून धरल्या. मी फलकावरच्या माझ्या अक्षरांकडे पाहिलं. अक्षर चांगलं होतं.

पहिला दगड आला. धोंडबानं गाठ मारली. दुसऱ्या दगडाशी गाठ मारली, पण पुढे निघाला नाही. तो बसला, आणि आम्ही तिघं त्याच्याकडे न पाहता पाहत राहिलो. सिंधूताईंनी पिशवीतून केळवदची उरलेली भाकरी काढून दिली. पाचव्या दिवशी ती भाकरी राहिली नव्हती, तिचा दगड झाला होता. धोंडबानं ती चावून चावून खाल्ली.

"काय गा," मारोतराव दबक्या आवाजात म्हणाले, "होते का?"

"होते," धोंडबा म्हणाला. "तुम्ही फलक नीट धरा. तिरपा झाला."

तिसरी गाठ पडली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. टपरीवाल्यानं आम्हाला पाहिलं आणि विचारल्याशिवाय भज्यांचा नवा घाणा टाकला.

सातव्या दिवशी दुपारी आम्ही आनंदरावांच्या दारात उभे राहिलो. घर दुमजली. ओसरीवर एक म्हातारी बाई मटार सोलत बसली होती. ती आनंदरावांची आई, तुळजाबाई. तिच्यामागे भिंतीला गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड टेकवून ठेवलेलं होतं.

आनंदराव बाहेर आले, आमचे पाय पाहिले आणि म्हणाले, "खरंच आले का तुम्ही!" त्यावरून आम्ही येणार नाही असं धरूनच त्यांनी अट घातली असावी, असं मला वाटलं. पण माणूस शब्दाचा होता. "वाहनात पाऊल नाही ना टाकलं कोनी?"

"मी टाकलं," धोंडबा म्हणाला.

मारोतरावांनी डोळे मिटले.

"घाटात चक्कर आली, गाडीत घातलं मले. मंग खाली उतरून तेवढा घाट परत चढलो. हे पाहा." आणि त्यानं सूत पुढे केलं. आनंदरावांनी ते बोटांत घेतलं, दोन-चार गाठी सरकवल्या आणि परत दिलं.

"सिलेवानी दोनदा?" ते म्हणाले. "मी अठरा वर्षांचा होतो तवा एकदा चढून रडलो होतो. झालं तुमचं. परवाच्या परवा ट्रक निघते."

मग त्यांनी गोणपाट बाजूला केलं. खाली संगमरवराची पाटी होती, चांगली दीड हात लांब. काळ्या अक्षरांत 'मातोश्री तुळजाबाई कक्ष'.

"पत्रात खोली लिहिलं होतं," आनंदराव म्हणाले, "पण मी कक्ष कोरून घेतलं. मायच्या नावाले शोभलं पाहिजे. खिडक्या केवढ्या ठेवायच्या? मी म्हणतो मोठ्या. उजेड पाहिजे पोरींना."

"खिडक्या लहान असाव्यात," मी म्हणालो. "वर."

"किती वर?"

"डोक्याच्या वर."

आनंदराव माझ्याकडे पाहू लागले. "अन् खोली केवढी? पन्नास पोरी बसतील?"

"एका वेळी चार," मी म्हणालो. "वेगवेगळ्या."

ओसरीवर मटार सोलायचा आवाज थांबला. सिंधूताई हळूच माझ्याकडे वळल्या. "सेक्रेटरी," त्या म्हणाल्या, "पत्रात तुम्ही काय लिहिलं होतं?"

धोंडबा सूत बोटाला गुंडाळत होता. तोही थांबला. माझा घाट इथेच होता आणि आडवं घ्यायला रस्ता उरला नव्हता.

"संडास आहे," मी म्हणालो. "मुलींचा संडास. मला लिहायला लाज वाटली."

आनंदरावांचा चेहरा विटेच्या रंगाचा झाला. त्यांनी पाटीवर गोणपाट ओढलं. "माह्या मायचं नाव मी संडासावर लावू? गावात लोक काय म्हणतील? बाई, तुम्ही मोठ्या शिकलेल्या. तुम्हीच सांगा."

सिंधूताई काही बोलणार, तेवढ्यात धोंडबानं विचारलं, "म्हणजे जयाचं नाही होत?" त्यानं कुणाला उद्देशून विचारलं नाही. सूत त्याच्या बोटाला अर्धं गुंडाळलेलं होतं.

"कोन जया?" तुळजाबाईंनी विचारलं.

"नात हाय माही. सातवीत हाय. पैली येते. शाळेत संडास नाही म्हणून बाप आता घरी बसवते."

तुळजाबाईंनी मटारची परात बाजूला सारली. "आनंदा, इकडं ये. आपण सक्करदऱ्याले होतो तवा मी कोठी जात होती, ठावं हाय तुले?"

"माय, लोकांसमोर..."

"लोकांसमोरच सांगते. तलावामागं. पहाटे तोंड दिसायच्या आंधी. मंग दिवसभर नाही. पाऊस असो का पोट दुखो, नाही. तू पोटात होता तवा बी नाही. तू देवळाच्या पायरीवर माह्यं नाव टाकशील, त त्यावर पाय देऊन लोक जातील. इथं पोरी रोज येतील अन् मले दुवा देतील. माह्यं नाव लाव. हेच लाव. अन् अक्षर मोठं कर, हे लहान हाय."

"पाटी कोरून झाली, माय."

"मंग राहू दे. पन आतून कडी चांगली लाव. आमच्या टायमाले कडीच काय, दार बी नव्हतं."

आनंदराव उभे राहिले. मग बसले. मग म्हणाले, "सेक्रेटरी, चार नाही, सहा करा." आणि आत जाऊन त्यांनी ट्रकवाल्याला निरोप धाडला.

परतीला आम्ही छोट्या लाईनच्या गाडीत बसलो. मारोतराव खिडकीशी बसले आणि वाटेत पायी दिसणाऱ्या प्रत्येक माणसाला ओरडून सांगत होते, बसा ना गा काकाजी.

बांधकाम मे महिन्यात झालं. उद्घाटनाला तुळजाबाई छिंदवाड्याहून आल्या, मोटारीनं. मारोतरावांनी फीत बांधली होती, फोटोवाला आणला होता, भाषण लिहून आणलं होतं. तुळजाबाईंनी फीत कापली नाही. हातानं बाजूला सारली, आत गेल्या आणि आतून कडी लावली. आम्ही सगळे बाहेर रांगेत उभे. फोटोवाल्यानं विचारलं, आता काय काढू? थोड्या वेळानं त्या बाहेर आल्या, पदर सावरला आणि धोंडबाला म्हणाल्या, "कडी बेस हाय. पोरीले पाठव."

जूनमध्ये शाळा उघडल्यावर आठवीच्या हजेरीत मुलींच्या पानावर मला चहाचा हिशेब लिहिता येईना. चौदा नावं होती, पहिलं जयाचं. सव्वाशे गाठींचं सूत तिनं मोजून घेतलं, तेव्हा ते बरोबर भरलं. मग तिनं त्याचा गोफ करून दप्तराला बांधला.

वर्गात अजूनही कुणी मुलगी संडास हा शब्द म्हणत नाही. त्याबाबतीत माझी शिकवण रुजली आहे. गणिताच्या तासाला बोट वर होतं आणि आवाज येतो, "बाई, तुळजाबाईकडे जाऊन येऊ?"

"ये," बाई म्हणतात. "पाणी पिऊन ये येताना."